ॲव्हरेज पडलं की बोट बॅटरीकडे

डॅशबोर्डच्या कप्प्यात माझी एक चाळीस पानी वही असते. टाकी फुल केली की तारीख, मीटरचं रीडिंग आणि लिटर, एवढ्या तीनच गोष्टी तिच्यात लिहायच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्यात मी 2022 सालची, 41 हजार किलोमीटर पळालेली स्ट्राँग हायब्रिड घेतली. वहीच्या पहिल्या पानावर 23.6 आहे, म्हणजे लिटरमागे इतके किलोमीटर. पुढच्या जुलैत तिथे 19.4 आलं. गाडी दाखवायला नेली, तर एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच निदान झालं. ‘हायब्रिड आहे ना, साहेब? बॅटरी उतरली असणार.’ आणि पाठोपाठ दीड लाखाचा आकडा.

त्या आकड्याने झोप उडाली. पुढचे काही महिने मी मिळेल ते वाचलं, जाणकार मेकॅनिकांना गाठलं, आणि मुख्य म्हणजे वही नीट लिहीत राहिलो. आपल्याकडे हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे. भारतात हायब्रिड तशी नवी नाही. होंडाची सिव्हिक हायब्रिड 2008 मध्ये आली, टोयोटाची प्रियस 2010 मध्ये, कॅमरी हायब्रिड 2013 मध्ये. पण त्या मोजक्यांच्याच होत्या. होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा या 2022 मध्ये आल्या आणि हायब्रिड मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. त्याच गाड्या आता दुसऱ्या मालकाकडे चालल्या आहेत. त्या दुसऱ्या मालकाने ॲव्हरेज पडल्यावर पहिलं बोट बॅटरीकडे करू नये, असं मला मनापासून वाटतं. बॅटरी दोषी असू शकते, पण तिच्यापर्यंत पोचण्याआधी बरीच दारं ठोठावावी लागतात.

पहिलं दार मोजमापाचं. पडद्यावर दिसणारं ॲव्हरेज हा कंप्युटरचा अंदाज असतो आणि तो बहुधा मालकाला खूश ठेवण्याकडे झुकलेला असतो. खरा हिशेब टाकी ते टाकी. तोही एका टाकीवर ठरवू नये. पंपाच्या नळीचा ऑटो कट कुठे पडेल हे जागेच्या उतारावर, नळीच्या वेगावर आणि भरणाऱ्या मुलाच्या सवयीवर ठरतं. चाळीस लिटरच्या भरण्यात दोन लिटर इकडेतिकडे झाले की पाच टक्के तिथेच गेले. तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करावा, म्हणजे ही चूक बरीचशी विरते.

हायब्रिडमध्ये आणखी एक चकवा आहे. चार किलोमीटरच्या फेरीनंतर पडदा कधी 38 दाखवतो, कधी 14. या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास असते. हायरायडर आणि ग्रँड विटारामध्ये ती 0.76 किलोवॉट-तासाची आहे. 2020 मध्ये आलेल्या टाटाच्या विजेवरच्या नेक्सॉनमध्ये 30.2 किलोवॉट-तासाची होती, म्हणजे जवळजवळ चाळीस पट. त्या पाऊण युनिटातलाही मधला भागच वापरात येतो, कारण कंप्युटर तिला पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. हा वापरातला भाग 0.3 युनिट धरला, तर तेवढी वीज इंजिनाने तयार करायला साधारण 100 मिलिलिटर पेट्रोल लागतं. चार किलोमीटरला एकूण पेट्रोलच 200 मिलिलिटर लागत असेल, तर बॅटरी भरलेली असताना निघालात की रिकामी असताना, यावर निम्मा हिशेब बदलतो. सहाशे किलोमीटरच्या टाकीत मात्र हे 100 मिलिलिटर कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून छोट्या फेरीच्या आकड्याने हुरळू नये आणि घाबरूही नये.

दुसरी गोष्ट गणिताची आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. लिटरमागे किलोमीटर हे माप आपल्या अंगवळणी पडलंय, पण ते वरच्या टोकाला फसवतं. माझी घसरण 23.6 वरून 19.4, ऐकायला चार किलोमीटरहून जास्त. आता उलटा हिशेब करू. 100 किलोमीटरला आधी 4.24 लिटर लागत होते, नंतर 5.15. म्हणजे 0.9 लिटर जास्त. जुन्या साध्या पेट्रोल गाडीत, जी 12 चं ॲव्हरेज देते, तितकाच जादा खर्च झाला असता तर आकडा 12 वरून 10.8 वर आला असता. तिथे आपण ‘ट्रॅफिक वाढलंय’ म्हणून सोडून दिलं असतं. पेट्रोल तेवढंच जळालं, फक्त हायब्रिडचा आकडा मोठा असल्याने तो मोठ्याने पडतो. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर माझं नुकसान नऊ-सव्वानऊ लिटरचं, म्हणजे साडेनऊशे रुपयांच्या आसपास. दुर्लक्ष करण्याजोगं नक्कीच नाही. पण दीड लाख काढून द्यावेत असंही नाही.

विक्रीच्या वेळी सांगितलेल्या आकड्याबद्दलही थोडं. हायरायडर आणि ग्रँड विटाराचा जाहीर आकडा 27.97 आहे. हे आकडे ज्या चाचणीतून येतात ती रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून, साधारण वीस मिनिटांत होते. तिच्यात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था ती नेमाने करतात, आणि दोन गाड्यांची तुलना करायला ती उत्तम आहे. आपल्या सिग्नलांवर काय होईल हे सांगणं तिचं काम नाही. म्हणून घसरण मोजायची ती स्वतःच्या वहीतल्या जुन्या पानांशी, ब्रोशरशी नाही. शिवाय जुन्या बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द सैल वापरला जातो. 2015 पासूनच्या सियाझवरही हायब्रिडची पाटी होती, पण ती माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला थोडा हातभार लावणारी. एकाच ग्रँड विटाराच्या माइल्ड प्रकाराचा आकडा 21.11 आहे आणि स्ट्राँगचा 27.97. आरसी आणि व्हेरियंट न पाहता गाडी घेतलेल्या माणसाचं ॲव्हरेज पडलेलं नसतं, ते मुळातच तेवढं असतं.

आता बॅटरी. तिच्याविषयी पुरावा काय सांगतो? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने 2011 मध्ये सव्वातीन लाखांहून जास्त किलोमीटर पळालेली 2002 ची प्रियस मिळवली आणि दहा वर्षांपूर्वी नव्या प्रियसवर केलेल्या चाचण्या तिच्यावर पुन्हा केल्या. नवी असताना गॅलनला 40.6 मैल, आता 40.4. आपल्या मापात दोन्ही वेळा सतराच्या थोडं वर. बॅटरी मूळचीच होती. आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेनेही सुरुवातीच्या काळातल्या हायब्रिड ॲरिझोनाच्या उन्हात अडीच लाख किलोमीटरपर्यंत पळवल्या. बॅटऱ्यांची क्षमता बरीच उतरली, पण पेट्रोलचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही.

असं का होतं, हे समजलं की भीती बरीच कमी होते. हायब्रिडची बॅटरी साठवणीची टाकी नाही, ती वाण्याच्या गल्ल्यासारखी आहे. दिवसभर सुटे येतात, सुटे जातात. गल्ला थोडा लहान झाला म्हणून धंदा कमी होत नाही, जोवर सुटे देता-घेता येतात. ॲव्हरेज खरं येतं ते तीन गोष्टींतून: ब्रेक लावताना परत मिळणारी वीज, उभं राहताना बंद होणारं इंजिन, आणि ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन. या इंजिनात हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते. ताकद थोडी कमी मिळते, पण इंधनातली उष्णता जास्त कामी येते. ही सगळी यंत्रणा उतरत्या वयाच्या बॅटरीवरही चालते.

बॅटरी खरोखर बिघडली तर ती असं हळूहळू टक्केवारीत सांगत नाही. चार्जचे दांडे पाहता पाहता पूर्ण भरतात आणि दोन सिग्नलांत रिकामे होतात. उभ्या गाडीत इंजिन वारंवार सुरू होतं. मागच्या सीटपाशी पंख्याची घरघर ऐकू येते. शेवटी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. जुन्या निकेल बॅटऱ्यांत बहुतेक वेळा सगळी बॅटरी जात नाही, एखाद-दुसरं मॉड्यूल दगा देतं आणि बाकीच्यांना ओढून नेतं. स्कॅनर लावून प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज गाडी चालवताना पाहिलं की वीस मिनिटांत खरं-खोटं कळतं. माझ्या गाडीचे सगळे ब्लॉक एका ओळीत निघाले. दीड लाखाचा विषय तिथेच संपला. टोयोटा आणि होंडा भारतात हायब्रिड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. जुनी गाडी घेताना ती नव्या मालकाला कोणत्या अटींवर लागू राहते, हे लेखी विचारून घ्यावं आणि सर्व्हिसच्या नोंदी मागून घ्याव्यात.

बॅटरीच्या बाबतीत एका गोष्टीकडे मात्र लक्ष हवं. बऱ्याच मॉडेलांत ती केबिनमधल्या हवेने थंड होते आणि त्या हवेची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते. तिथे धूळ, कुत्र्याचे केस, गालिच्याचे तंतू साचतात. कधी सामानाची पिशवीच तिला टेकून ठेवलेली असते. हवा कमी झाली की बॅटरी तापते, आणि तापली की कंप्युटर तिच्यातून विजेची ये-जा आवरती घेतो. ब्रेकमधून मिळणारी वीज वाया जाते. जाळीचा फिल्टर काढून ब्रशने साफ करायला फार वेळ लागत नाही, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नसतो.

आता पेट्रोलचं, म्हणजे त्यात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचं बघू. महाराष्ट्राचा या गोष्टीशी दुहेरी संबंध आहे, कारण ऊस आपला आणि गाड्याही आपल्या. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. जून 2022 मध्ये देशाने 10 टक्के मिश्रण गाठलं, ई-20 ची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 मध्ये ते सर्रास झालं. 10 वरून 20 टक्क्यांवर गेल्यावर लिटरमधली ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी कमी होते, हे साधं अंकगणित आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींत 6 ते 7 टक्के आणि ई-10 साठी बनवून ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांत 1 ते 2 टक्के घट होईल असं म्हटलं होतं. म्हणजे 2022 ची गाडी घेणाऱ्याने जुन्या मालकाच्या 2022 च्या आकड्याशी तुलना केली, तर लिटरमागे पाऊण-एक किलोमीटर इंधनातच गेलेला असू शकतो. यात गाडीचा दोष नाही, मालकाचाही नाही. ग्राहकाला ही गोष्ट पंपावर ठळक अक्षरांत सांगायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

टायर हा विषय दिसतो त्यापेक्षा खोल आहे. हवा कमी असली की ॲव्हरेज पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण परिणाम वाटतो तेवढा मोठा नसतो. चारही चाकांत एक पीएसआय कमी झाला तर साधारण 0.2 टक्के. टायर बदलल्याचा परिणाम याहून मोठा. कंपनी हायब्रिडला मुद्दाम हलके लोळणारे टायर देते, आणि बदलताना आपण दुकानात पकड आणि किंमत विचारतो, लोळण्याला होणारा विरोध विचारत नाही. त्यात नव्या टायरचं जाड रबर झिजलेल्या टायरपेक्षा जास्त ऊर्जा खातं. शिवाय मीटरचा खेळ. 215/60 आर17 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 690 मिलिमीटर. रबर 6 मिलिमीटर झिजलं की व्यास 678 होतो, परीघ 1.7 टक्क्यांनी घटतो, आणि चाक जास्त फिरल्यामुळे मीटर तेवढे जास्त किलोमीटर दाखवतं. म्हणजे झिजलेल्या टायरवर वहीतलं ॲव्हरेज फुगलेलं असतं आणि नवे टायर घातल्या दिवशी ते खरं होतं. मी जूनमध्ये चारही टायर बदलले होते. 19.4 च्या आधीचा तो बदल मीच केला होता आणि मलाच त्याचा अर्थ लागला नव्हता.

खरा चोर मात्र वेगळाच निघाला. त्याच जूनमध्ये गाडी गुहागरकडच्या घरी तीन आठवडे अंगणात उभी होती, वर कोकणातला पाऊस आणि समुद्राची खारी हवा. परत आल्यावर गाडी थोडी जड वाटायची, पण टायर नवे आहेत म्हणून मी सोडून दिलं. एका ज्येष्ठ मेकॅनिकने सांगितलं, वीस किलोमीटर चालवून या, शेवटचा किलोमीटर ब्रेक न लावता या आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात धरा, डिस्कला लावू नका. तीन चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर ते अर्ध्या फेऱ्यातच थांबलं. कॅलिपर खोलला, तर त्याची सरकणारी पिन कोरडी पडून गंजली होती आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांशिवाय निघेना. ब्रेक पॅड सतत डिस्कला घासत होता. हायब्रिडमध्ये हे जास्त होतं, आणि त्याचं कारण तिच्या गुणातच आहे. रोजचं बरंचसं थांबणं मोटर करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण कॅलिपर पुरेसा हलत नाही, तापत नाही, आणि ओलावा आत बसून राहतो. ‘पॅड अजून 80 टक्के आहेत’ असं ऐकून आपण खूश होतो आणि पिनांना ग्रीस लावायचं राहून जातं. मुंबई, कोकण, गोवा इथल्या मालकांनी दर पावसाळ्यानंतर चारही कॅलिपर खोलून पिना साफ करून घ्याव्यात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या तीन टाक्यांची सरासरी 21.3 आली.

इंजिन ऑइलचंही पाहावं. या इंजिनांना 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20 असं पातळ ऑइल लागतं. ‘आपल्याकडच्या उन्हाला जाड बरं’ म्हणून नाक्यावर दुसरं भरलं जातं आणि इंजिन सुरू-बंद होणाऱ्या गाडीत तो जडपणा रोज भोवतो. एअर फिल्टरचा धसका मात्र घेऊ नये. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये दाखवलं की आधुनिक इंजेक्शन गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप जातो, ॲव्हरेज जवळपास तेच राहतं.

एसीचा हिशेब हायब्रिडमध्ये वेगळा लागतो. कंप्रेसर हायब्रिड बॅटरीवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. गाडी मुळात कमी पिते, त्यामुळे एसीचा घोट टक्केवारीत मोठा दिसतो. अमेरिकेचं ऊर्जा खातंही हेच सांगतं. एप्रिल-मेचं पान डिसेंबरच्या पानाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, मेचं मेशी ताडावं.

आणि रस्ता. जुन्या मालकाला मी फोन केला होता. त्यांचं ॲव्हरेज 25 होतं, आणि ते खोटं बोलत नव्हते. ते रोज कोथरूडहून हिंजवडीला जायचे, एका दमात, रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये, जिथे हायब्रिड सगळ्यात सुखात असते. माझी रोजची फेरी सहकारनगरातून तीन किलोमीटरची, दिवसातून चारदा. प्रत्येक वेळी थंड इंजिन आधी स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवतं, मग बंद होण्याचा विचार करतं. तोवर मी घरी पोचलेला असतो.

घाटाचं तर नेहमीच आश्चर्य वाटतं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साधारण साडेपाचशे मीटर उंची खाली येते. दीड टनाच्या गाडीसाठी ही सव्वादोन युनिट ऊर्जा झाली. हवा आणि टायर यांनी त्यातली जवळजवळ निम्मी खाल्ली, तरी उरते ती बॅटरीतल्या रिकाम्या जागेच्या तीन-चार पट. पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरते. त्यानंतर बी गिअरमध्ये इंजिन नुसतं फिरून गाडी आवरतं, आणि तिथे ते योग्यच आहे. तोच बी शहरात रोज वापरला, किंवा ईव्हीचं बटण सतत दाबून बॅटरी रिकामी केली, तर वीज वाया जाते आणि नंतर इंजिनाला ती पुन्हा तयार करावी लागते. एक्सप्रेसवेवर ताशी 100 ने तर हवेचा विरोध एवढा वाढतो की हायब्रिड आणि चांगली साधी गाडी यांच्यातलं अंतर बरंच मिटतं. महिन्यातून दोनदा मुंबई असेल तर वहीत ‘मुंबई’ असं लिहून ठेवावं.

माझ्या वहीत आता चौथा रकाना आहे, शेऱ्याचा. टायर, पाऊस, एसी, घाट, पाहुणे, जे असेल ते. गेल्या डिसेंबरच्या टाकीला 22.4 आलं. सुरुवातीच्या 23.6 पासून अजून 1.2 कमी आहे. त्यातला काही भाग नव्या टायरचा आहे, आणि ते झिजतील तसा आकडा थोडा वर सरकेल. उरलेला बहुधा त्या तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा असावा, म्हणून जानेवारीपासून त्यातल्या दोन फेऱ्या मी पायी करतो.